चमच्यातला च

गेल्या उन्हाळ्यात बाबांना घेऊन एका कॅफेत गेलो होतो. बाबा ७८ वर्षांचे. चष्मा कपाळावर चढवून, मेनूकार्ड हातभर लांब धरून त्यांनी एकेक अक्षर जुळवत ओळ वाचली आणि ऑर्डर घ्यायला आलेल्या मुलाला विचारलं, "हे ब्रुशेटा म्हणजे काय असतं?" मुलगा भला होता, हसला नाही. नुसतं म्हणाला, "सर, ब्रुस्केटा." शेजारच्या टेबलावरून मात्र कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी कार्ड मिटलं आणि मला म्हणाले, "मला आपला चहा सांग."

मला राग आला होता, पण नेमका कोणाचा ते ठरवता येईना. मुलाचं म्हणणं बरोबर होतं. इटालियन लिपीत सी-एच ही जोडी 'इ' किंवा 'ए'च्या आधी आली की तिचा उच्चार 'क' होतो आणि नुसता सी आला की 'च'. म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट. म्हणून बटाट्याच्या त्या छोट्या गोळ्यांना न्योक्की म्हणायचं आणि त्या सच्छिद्र पावाला चाबात्ता. नियम पाठ करायला दोन मिनिटं पुरतात. पण बाबांनी तो का पाठ करावा? रोमन अक्षरं ते शाळेत इंग्रजीसाठी शिकले, इटलीशी त्यांचा कधी संबंध आला नाही. ज्या लिपीत नाव छापलं होतं, त्या लिपीच्या त्यांना ठाऊक असलेल्या नियमांनी त्यांनी ते वाचलं. शिक्षणात काही उणं होतं असं मला वाटत नाही.

आणि खरं सांगायचं तर मुलगाही निम्माच बरोबर होता. 'ब्रुस्के'पर्यंत ठीक, पण शेवटी त्यानं 'टा' लावला. इटालियन माणूस तिथे जीभ दातांना टेकवतो, आपण 'पत्ता' म्हणताना टेकवतो तशीच. ब्रुस्केत्ता. तो 'ट' आला इंग्रजीतून. इंग्रजांचा टी धड त नाही, धड ट नाही. जीभ हिरडीवर कुठेतरी मध्येच टेकते. आपल्या कानांनी तो ट ठरवला आणि टेबल, टीचर, टाय असे हजार शब्द त्या हिशेबानं घरात घेतले. इंग्रजीपुरतं ते ठीकच आहे. घोळ झाला तो पुढे, युरोपातल्या इतर भाषांमधले शब्दही आपण त्याच खिडकीतून घ्यायला लागलो तेव्हा. स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज या सगळ्यांचा टी सरळ दातांवरचा, म्हणजे चक्क आपला त. मेक्सिकोत ताको खातात, ताको ज्यात गुंडाळतात ती तोर्तिया. आपल्याकडे त्याचं टाको आणि टॉर्टिला होतं. कॉफीतलं लाटे मुळात लात्ते, आणि लात्ते म्हणजे नुसतं दूध. इटलीत कॉफी हवी म्हणून एवढंच मागितलंत तर पेलाभर दूध समोर येईल. या सगळ्यांतून पास्ता कसा निसटला कोण जाणे, पण तो आपण पहिल्यापासून त लावून म्हणतो.

या सगळ्यात मला सर्वांत चुटपुट लागते ती पिझ्झ्याची. इटालियनमध्ये दोन झेड मिळून 'त्स' होतो, तोही दुहेरी. इंग्रजीला हा आवाज शब्दाच्या तोंडाशी जमत नाही. हिंदीला तर स्वतःचा असा हा वर्णच नाही. मराठीला आहे. चमच्यातला च, चाकातला च, चुलीतला च, 'पाच' या आकड्यातला च. चहातला किंवा चिमणीतला नव्हे, तो निराळा, टाळूवरचा. शाळेत ज्याला दंत्य च म्हणून शिकवतात तोच हा, आणि पिझ्झ्यात हाच हवा. 'कच्चा' हा शब्द मोठ्यानं म्हणा, मग त्याच्याशी यमक जुळेल असं 'पिच्चा' म्हणा. नेपल्सच्या बल्लवाला तुम्ही काय मागताय ते ताबडतोब कळेल. आपल्या तोंडात जन्मापासून बसलेला वर्ण सोडून, रोमन झेड दिसला म्हणून आपण झ लिहिला, झ म्हटला, आणि वर आपल्या आज्यांच्या 'पिज्जा'ला हसलो.

उद्यापासून पिच्चा म्हणा असं मी सांगत नाहीये. तशी सूचना करणाऱ्या माणसाला मीच टाळीन. आता शब्द रुळला. माझं म्हणणं इतकंच की परदेशी नावांचे आपले उच्चार चुकतात ते आपली जीभ जड आहे म्हणून नव्हे, आपण प्रत्येक परदेश इंग्रजीच्या चष्म्यातून वाचतो म्हणून. व्हिएतनामी नूडल्सच्या सूपचं नाव 'फो' म्हणून छापलं जातं. खरा उच्चार आपल्या मुळाक्षरांतल्या फ-च्या कितीतरी जवळ जातो, तोच जरा लांबवायचा आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यायचा. अँडीज पर्वतातल्या केचुआ लोकांचं धान्य त्यांच्या भाषेत किन्वा. स्पॅनिशांनी ते आपल्या पद्धतीनं लिहिलं, ते लिखाण इंग्रजीत गेलं, तिथून आपल्या वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत 'क्विनोआ' होऊन उतरलं. २०१३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी या धान्याचं म्हणून साजरं केलं होतं. कि, न, वा. देवनागरीत तीन अक्षरांचं काम, पण कोणाच्याही मनात आलं नाही की हे नाव म्हणतात कसं ते ऐकावं आणि तसं लिहावं.

आता दुसरी बाजू. ती मला पहिलीपेक्षा जास्त पटते, हे आधीच कबूल करतो.

शब्द एकदा आपल्याकडे राहायला आला की तो आपला होतो. त्याच्या माहेरचा उच्चार त्याला लागू नाही. पावाचंच बघा. पोर्तुगीज ज्याला पाउँ असं काहीसं नाकातून म्हणतात, त्याचा आपण पाव केला. हेच पोर्तुगीज १५४३ साली जपानच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या लोकांनी त्याच शब्दाचा 'पान' केला आणि जपानी माणूस आजही पावाला पानच म्हणतो. एकाच भट्टीतून निघालेला शब्द, मुंबईत पाव, तोक्योत पान, आणि लिस्बनला दोन्हींबद्दल तक्रार नाही. बटाटाही पोर्तुगीजांकडूनच आला. त्यांचा बताता, तोही स्पॅनिशांमार्फत कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांकडून आलेला, आणि ताइनोंच्या बोलीत तो होता रताळं. बरोबर उच्चार शोधत किती मागं जायचं? आव्होकाडोचं नाव मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतलं, आवाकात्ल असं काहीतरी. स्पॅनिशांनी त्याचं आग्वाकाते केलं, इंग्रजांनी आव्होकाडो. इंग्रजांनी स्पॅनिशांचा बिघडवला की स्पॅनिशांनी आधीच बिघडवला होता? हालापेन्यो मिरचीला 'जलापिनो' म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांनी हालापा हे गाव नकाशात काढून दाखवावं. तेही मूळ नाहुआत्लच, स्पॅनिश तोंडात घडलेलं.

आणि कधीकधी तर अपभ्रंश म्हणून ज्याला नाक मुरडावं, तोच जुन्या उच्चाराला जास्त इमानी निघतो. लिस्बनमध्ये आज चहाला शा म्हणतात आणि किल्लीला शाव्ह. पण पोर्तुगीज जहाजं गोव्याला लागली त्या काळात त्यांच्याही भाषेत तिथे स्वच्छ च होता. शेवाळ धरल्यासारखा त्याचा श पुढे झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही खेड्यांत जुना च अजून ऐकू येतो, आणि ऐकू येतो आपल्या चावीत. गोव्यातल्या चोरीस-पावाचंही तेच. लिस्बनहून आलेल्या एखाद्या पाहुण्यानं म्हापशाच्या बाजारात सॉसेजच्या माळा घेऊन बसलेल्या बाईला 'चोरीस नव्हे, शोरीसु' असं शिकवायला घेतलं, तर तिनं त्याला त्याच्याच पणजोबांचा पणजोबा काय म्हणत असे ते सांगावं.

हापूसबद्दल तर बोलायलाच नको. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कच्या नावाचा आंबा. आफोन्सुचा गोव्यात आफूस झाला, कोकणात वर सरकताना त्याला ह चिकटला. २०१८ साली याच आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं, कागदावर अल्फोन्सो. देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराला हे नाव नीट म्हणायला शिका म्हणून कोणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. शकरपारा तर दिवाळीच्या फराळात येऊन थेट शंकराला चिकटला आणि शंकरपाळं झाला. इराणी माणसाला त्यात साखर उरल्याचा पत्ताही लागणार नाही. चव घेतल्यावर लागेल.

असं असेल तर उच्चाराचा आग्रह सोडूनच द्यावा का? इथे मला गोव्यातलंच विंदालू आठवतं. मूळ पोर्तुगीज 'विन्या द आल्योस', म्हणजे वाइन आणि लसूण, मांस मुरवायची रीत. गोव्यात वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरनं घेतली, मिरच्या आल्या, नावाचं विंदालू झालं. इथवर सगळं गोड. पुढे हा पदार्थ गोव्याबाहेर, पार इंग्लंडच्या करी हाउसांपर्यंत गेला, नावाच्या शेपटीला कोणाला तरी 'आलू' ऐकू आला आणि पातेल्यात बटाटे पडले. लसणीच्या जागी बटाटा! नाव चुकीचं ऐकलं की कधीकधी जेवणच बदलतं. विंदालूची चूक उच्चारातली नव्हती, गोव्याच्या माणसाला एकदा विचारायचं राहून गेलं ही होती. फक्त 'विंदालू' म्हणण्यानं काहीच बिघडलं नव्हतं.

शेजवानबद्दल मात्र मी कोणाची माफी मागणार नाही. चीनच्या सिच्वान प्रांताचं ते नाव, पण आपल्या गाडीवरची ती लाल, लसणीची, तेल सुटलेली चटणी त्या प्रांतात कोणी ओळखणार नाही. मंचुरियनचंही तसंच. तो १९७०च्या दशकात मुंबईत नेल्सन वांग यांनी जन्माला घातला असं सांगतात. मांचुरियात त्याचा कोणी नातलग नाही. इथे जन्मलेल्या पोराचं नाव बापाच्या गावी कसं म्हणतात हे विचारण्यात काय अर्थ? शेजवान, सेजवान, शेझवान, गाडीवर जसं रंगवलं असेल तसं.

खरा मुद्दा आता सांगतो, आणि तो मला आपल्या सगळ्यांच्या, म्हणजे माझ्याही, अंगावर येणारा वाटतो. आपण कोणत्या शब्दांपुढे घाबरतो? फ्रेंच क्र्वासाँचा 'र' घशातून काढायची खटपट करतो. वुस्टरशर सॉसमधली अर्धी अक्षरं गिळायची असतात हे एकदा कळलं की आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत फिरतो. (खुद्द इंग्रज चहासोबतच्या एका पदार्थाला 'स्कॉन' म्हणायचं की 'स्कोन' यावर आपापसात अजून भांडतात, ते सोडा.) आणि ज्याचं हॉटेल कोपऱ्यावर आहे, ज्याच्याकडे आपण तीस वर्षं जातो, त्याच्या पदार्थाचं नाव? कन्नडमध्ये दोसे. तमिळमध्ये दोसै. द, दातांवरचा, आपल्या दह्यातला. आपण म्हणतो डोसा. हा ड कुठून आला? माझा संशय पुन्हा त्याच खिडकीवर आहे. रोमन डी दिसला, आपण ड वाचला. शेजारच्या राज्यातला पदार्थ आपल्या ताटात इंग्रजीमार्गे वळसा घेऊन आला, आणि द तर दोघांच्याही तोंडात होता. तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारात सांबार कसं जन्मलं ती संभाजीराजांची गोष्ट आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही, तरी सांगतो. पण ते तमिळ घरात कसं म्हणतात ते विचारत नाही. नागपूरकडे सांबारवडी मागितली तर कोथिंबिरीची वडी येते, हे पुण्याच्या माणसाला माहीत नसतं, तिथे मद्रासचं काय घेऊन बसलात.

उलट आपल्या ताटातल्या नावांबद्दल आपण किती हळवे! 'मिसल पाव' अशी पाटी दिसली की जीव जळतो. 'पुरन पोली' ऐकलं की आपण लगेच ळ कसा काढायचा याचा वर्ग घ्यायला बसतो. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा. न्यू जर्सीत वाढलेल्या भाच्यांनाही आपण हाच तास देतो. तो आग्रह मला मान्य आहे. ळ गेला तर मिसळीतलं बरंच काही जातं. पण हाच हट्ट दोसेवाल्यानं आपल्याकडे धरला असता तर? त्यानं धरला नाही. दोनशे वेळा 'डोसा' ऐकून त्यानं पाटीवरच डोसा लिहिलं, कारण त्याला धंदा करायचा होता. फ्रेंच माणसापुढे आपण जीभ वाकवतो आणि उडुपीच्या माणसाला आपल्यापुढे वाकवायला लावतो. बरोबर उच्चार हे सौजन्य असेल तर ते असं उतार बघून वाहायला नको.

आणि शेजारच्या टेबलावरचं ते हसू. ते काही इटालियनच्या प्रेमातून आलेलं नव्हतं. ते हसू मी लहानपणापासून ओळखतो. वर्गात 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाकडे बघून पुढच्या बाकांवर उमटायचं ते हेच. न आणि ण यांवरून आपण माणसाचं गाव ओळखलं, जात ओळखली, आणि त्याला कुठे बसवायचं ते ठरवलं. आता ते उघडपणे करता येत नाही, बरं दिसत नाही. मग ब्रुस्केत्ता सापडला. हा नवा ण आहे. ज्यांना 'पाणी' शुद्ध म्हणता येत होतं म्हणून जे इतकी वर्षं हसणाऱ्यांच्या बाजूला बसले, त्यांचंही यात आता हसू होऊ शकतं, एवढाच काय तो फरक. माझे बाबा त्यातलेच, आणि मीही. त्या कॅफेतल्या मुलाचं बोलणं सोलापूरकडचं वाटलं मला. कामावर लागल्या लागल्या त्याच्याकडून ही नावं कोणीतरी पाठ करून घेतली असणार, आणि पहिल्या आठवड्यात त्यालाही कोणीतरी हसलं असणार.

म्हणून माझा आग्रह बोलणाऱ्याकडे नाहीच, लिहिणाऱ्याकडे आहे. महाराष्ट्रात कॅफे उघडता, तर रोमन नावाखाली देवनागरीत नाव छापा, आणि ते इंग्रजी स्पेलिंग बघून नव्हे, कोणाकडून तरी ऐकून. देवनागरी ही या कामाला रोमनपेक्षा कितीतरी सरस लिपी आहे. न्योक्की, चाबात्ता, तोर्तिया, किन्वा, हालापेन्यो, यांतलं एकही नाव वाचताना मराठी चौथी पास माणूस अडणार नाही. बाबांच्या कार्डावर 'ब्रुस्केत्ता' असं छापलेलं असतं तर त्यांनी त्या मुलापेक्षा ते चांगलं म्हटलं असतं, आणि खाली 'भाजलेल्या पावावर टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल' अशी ओळ असती तर विचारायचीही गरज पडली नसती. वर्तमानपत्रांच्या पाककृतीच्या रकान्यांनाही हेच सांगणं. रोमन अक्षरं नुसती देवनागरीत उतरवून देणं म्हणजे मराठीत लिहिणं नव्हे.

वाढणाऱ्यांसाठी एक जुनी रीत आहे, चांगल्या दुकानदारांना ती उपजत येते. गिऱ्हाईक काहीही म्हणो, दुरुस्त करायचं नाही. ऑर्डर परत सांगताना नाव नीट म्हणायचं: "एक ब्रुस्केत्ता, दोन चहा." ऐकणाऱ्याला घ्यायचं असेल तर तो घेईल.

आणि ज्यांना सगळं अचूकच म्हणायचं आहे, त्यांनीही थोडं तारतम्य ठेवावं. मराठी वाक्यात मध्येच फ्रेंच घसा काढणारा माणूस ऐकणाऱ्याला अवघडून टाकतो. पॅरिसला जाऊन आलो असं आपण म्हणतो, 'पारी'ला जाऊन आलो म्हणत नाही. क्रॉसाँ इतपत म्हटलं तरी बेकरीवाल्याला कळतं.

परवा बाबांनीच मला माटुंग्याला नेलं, त्यांच्या नोकरीच्या दिवसांतल्या एका उडुपी हॉटेलात. मी आदल्या रात्रीपासून घोकून ठेवलं होतं. गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकांना म्हणालो, "ओंदु सादा दोसे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, चेहरा एकदम उजळला, आणि त्यांनी मला कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. मला पुढे काहीच येत नव्हतं. मी नुसता हसत उभा राहिलो. एक क्षण थांबून त्यांनी आत हाक दिली, "एक साधा डोसा!"

बाबा टेबलाकडे बघत हसत होते. "सांग ना त्यांना, बरोबर कसं म्हणतात ते," म्हणाले, आणि त्यांनी दोन चहा सांगितले.